रेटिंग लावून यादी काढली, तरी भांडण मिटेना: सर्वोत्तम गेम ठरतो तरी कसा?

विदर्भ_एक्स्प्रेस | शुक्रवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

नागपुरात त्रिमूर्तीनगरला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दोन कॉम्प्युटर नुसते धूळ खात पडलेत. मे महिन्यात दुपारी पोरांना बाहेर सोडायची सोय नाही, म्हणून कमिटीने ठरवलं की या मशीनवर चारपाच चांगले गेम रीतसर विकत घेऊन टाकायचे. कोणते घ्यायचे यावर मीटिंगमध्ये जी जुंपली, ती इथे सांगत बसत नाही. पार्किंगच्या विषयावरही एवढा आवाज चढला नव्हता.

शेवटी मी म्हटलं, भांडता कशाला, आकडे आहेत न! स्टीमवर (कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान) लाखो लोकांनी मत दिलंय, मेटाक्रिटिकवर (समीक्षकांचे आणि वापरकर्त्यांचे गुण एकत्र दाखवणारी साइट) दिलंय. सगळं एक्सेलमध्ये घेतो, उतरत्या क्रमाने लावतो आणि वरचे पाच उचलतो. यात माझी आवड नाही, तुमची नाही, भांडणाला जागाच नाही. यादी लावली तर वर आले कुणी नावही न ऐकलेले गेम. एकात म्हणे मांजरी शोधायच्या आहेत. कमिटीतले एक काका, आयुष्यभर हिशेबतपासणी केलेले, चष्मा वर करून म्हणाले, "यात वस्तुनिष्ठ काय आहे ते दाखव."

माझं मत अजूनही तेच आहे. एक माणूस चुकेल, लाख माणसं एकाच दिशेने चुकत नाहीत. तुम्हाला काय वाटतं? वापरकर्त्यांच्या रेटिंगवरून सर्वोत्तम गेम ठरवता येतो की नाही? पोरं ९ ते १६ वयाची आहेत.

तर्रीबाज | शुक्रवार, रात्री १०:०२

भाऊ, मांजरी शोधाचा गेम लाव न. पोट्टे शांत बसतीन.

रिकामा_पेठकर | शुक्रवार, रात्री १०:१०

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

मध्यमा | शुक्रवार, रात्री १०:४५

मांजरी वर का आल्या ते सांगते. संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवत नाही.

तुम्ही टक्केवारी लावली, मतं किती पडली ते पाहिलं नाही. चाळीस जणांनी मत दिलं आणि चाळिसांनीही "आवडला" म्हटलं तर १०० टक्के. दहा लाखांनी दिलं आणि त्यातले ९७ टक्के खूश असतील तर ९७. उतरत्या क्रमात चाळीसवाला वर बसणारच. हा घोटाळा इतका जुना आहे की इव्हान मिलर यांनी २००९ मध्ये "सरासरीवरून क्रम कसा लावू नये" अशा अर्थाच्या मथळ्याचा लेखच लिहिला होता. त्यातला उपाय म्हणजे विल्सनची खालची मर्यादा. "मतं अजून वाढली तर हा आकडा किमान कुठवर खाली जाऊ शकेल" ते काढायचं आणि त्यावर क्रम लावायचा. मतं कमी असली की अनिश्चितता मोठी, म्हणून गेम आपोआप खाली सरकतो.

दुसरी पद्धत बायेसियन सरासरीची. प्रत्येक गेमच्या खात्यात सुरुवातीलाच काही मध्यम मतं टाकून ठेवायची. खरी मतं भरपूर आली की ती टाकलेली मतं नगण्य होतात. आयएमडीबीच्या अडीचशे चित्रपटांच्या यादीमागे याच जातीचं सूत्र होतं.

स्टीम स्वतःही हे थोडं पाळतं. सगळ्यात वरचा शेरा मिळायला ९५ टक्के अनुकूल मतं लागतात, पण मतंही किमान ५०० हवीत. पन्नासपेक्षा कमी मतं असतील तर शंभर टक्के असले तरी नुसतं "सकारात्मक" एवढंच लिहून येतं.

तर एक्सेलमध्ये एक रकाना वाढवा, मांजरी जातील. मात्र त्याने तुमच्या काकांचं समाधान होईल असं समजू नका. सूत्र बदलल्याने आकडा पक्का होतो. तो आकडा कशाचा आहे, हा प्रश्न तसाच राहतो.

विदर्भ_एक्स्प्रेस | शुक्रवार, रात्री ११:०५

मॅडम, भन्नाट. लगेच रकाना वाढवतो. म्हणजे माझी पद्धत मुळात बरोबरच होती, सूत्र तेवढं कच्चं होतं.

रात्रपाळी | शनिवार, रात्री १२:४०

नाही हो भाऊ, पद्धतीतच गोची आहे. मिहानमध्ये शिफ्ट आहे, सर्व्हर झोपलेत, म्हणून निवांत लिहितो.

लाख माणसं एकाच दिशेने चुकत नाहीत म्हणता? एका रात्रीत चुकतात, आणि ठरवून. 'द लास्ट ऑफ अस'चा दुसरा भाग १९ जून २०२० ला आला. पूर्ण करायला वीसेक तास सहज लागणारा गेम. तरी पहिल्या काही तासांतच मेटाक्रिटिकवर शून्याचा पाऊस पडला. खेळून कोणी एवढ्या लवकर मत देऊच शकत नव्हतं. पुढच्याच महिन्यात मेटाक्रिटिकने नवीन गेमवर पहिले ३६ तास वापरकर्त्यांची मतं घेणं बंद केलं. समीक्षकांनी तोच गेम डोक्यावर घेतला होता.

मेट्रो मालिकेची तर याहून गंमत. जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झालं की 'मेट्रो एक्झोडस' आधी एपिकच्या दुकानात येणार, स्टीमवर नंतर. लोक खवळले. पण एक्झोडसला शिव्या घालायला स्टीमवर जागाच नव्हती, म्हणून त्याच मालिकेतल्या जुन्या गेमांना धोपटलं. 'बॉर्डरलँड्स'चंही त्याच वर्षी तेच झालं. ज्या गेमचा काही दोष नाही, त्याचं रेटिंग पडलं.

उलटंही होतं. 'असॅसिन्स क्रीड युनिटी' २०१४ मध्ये आला तेव्हा त्यातल्या बगांवर जग हसलं होतं. एप्रिल २०१९ मध्ये पॅरिसचं नोत्र दाम चर्च जळालं, युबिसॉफ्टने आठवडाभर गेम फुकट वाटला, कारण त्या गेममध्ये ते चर्च फार देखणं उभं केलंय. झालं, कौतुकाचा पूर आला. गेमचा एक अक्षरही कोड तेव्हा बदलला नव्हता.

स्टीमने २०१७ पासून मतांचा काळानुसार आलेख दाखवायला सुरुवात केली आणि २०१९ पासून विषयाला सोडून आलेला हल्ला ओळखून तेवढी मतं मोजणीतून वगळतात. पण विषयाला सोडून म्हणजे काय, ते कोण ठरवणार? स्टीमची माणसं. मग कुठे राहिली लाखोंची निवड?

तर्रीबाज | शनिवार, सकाळी ८:१५

आपल्याकडचं इसरले का? २०२० च्या मे मधे यूट्यूबवाले अन् टिकटॉकवाले भांडले, तं पब्लिकनं टिकटॉकले एक-एक स्टार मारून मारून पार झोपवलं होतं. मंग गूगलनं लाखो रिव्ह्यू पुसले. अन् त्याच्या आंधी २०१७ मधे राग होता स्नॅपचॅटवर, एक स्टार पडले स्नॅपडीलले! काहून? तं नाव सारखं वाटलं म्हनून. लाख मानसं, एकच दिशा. दुकानच चुकलं.

अनुस्वार | शनिवार, सकाळी ९:००

तर्रीबाज +१. स्नॅपडीलवरून आठवून चहा नाकातून आला.

वादपटू | शनिवार, सकाळी १०:३०

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण एकांगी वाटला. रेटिंगचा हल्ला म्हणजे प्रत्येक वेळी गुंडगिरीच असते का?

'हेलडायव्हर्स २' घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये आला, लोकांनी डोक्यावर घेतला. मे महिन्यात सोनीने फर्मान काढलं की पीसीवर खेळणाऱ्यांनीही प्लेस्टेशनचं खातं जोडायचं. कितीतरी देशांत ते खातं काढताच येत नाही. म्हणजे पैसे भरून घेतलेला गेम उद्यापासून बंद. काही दिवसांत स्टीमवर दोन लाखांहून अधिक नापसंतीची मतं पडली आणि सोनीने फर्मान मागे घेतलं. ग्राहक मंचात वर्षानुवर्षं तारखा घेत बसण्यापेक्षा हे बरं नाही का? तिथे गेम चांगला की वाईट हा प्रश्नच नव्हता, विकत घ्यावा की नाही हा होता. आणि त्या आठवड्यात "घेऊ नका" हे उत्तर शंभर टक्के योग्य होतं.

माझं म्हणणं, धागाकर्ते अगदीच चूक नाहीत. काही गोष्टी वस्तुनिष्ठ असतातच. गेम मध्येच बंद पडतो का, जतन केलेला डाव उडतो का, सर्व्हर चालतात का. या बाबतीत हजार लोक एकच तक्रार करत असतील तर कोणत्याही समीक्षकापेक्षा मी त्यांचं ऐकेन. 'सायबरपंक २०७७' आठवा. डिसेंबर २०२० मध्ये पीसीवर खेळून समीक्षकांनी भरभरून गुण दिले आणि जुन्या कन्सोलवर घेतलेल्यांचे हाल कुत्रा खाईना. सोनीने तो आपल्या दुकानातून काढूनच टाकला. खरं कोण बोलत होतं? वापरकर्ते.

रात्रपाळी | शनिवार, सकाळी १०:५५

मान्य. पण मग त्याच सायबरपंकचं आजचं रेटिंग कोणतं धरायचं? २०२३ च्या सप्टेंबरमध्ये २.० आवृत्ती आली आणि गेम पार बदलला. 'नो मॅन्स स्काय' २०१६ मध्ये आला आणि काही महिन्यांतच स्टीमवरचा त्याचा ताजा शेरा सगळ्यात खालचा झाला. बनवणारे तोंडातून शब्द न काढता फुकट सुधारणा देत राहिले, आणि २०२४ च्या शेवटी एकूण शेरा "खूप सकारात्मक" झाला. आठ वर्षं लागली. पहिल्या महिन्यात मत देऊन गेलेल्यांनी जो गेम पाहिला, तो आज कुठेही विकत मिळत नाही. पण त्यांचं मत मोजणीत आहेच.

मध्यमा | शनिवार, सकाळी ११:४०

आणि शेरा म्हणजे गुण नव्हेत, हे राहूनच जातंय. स्टीमवर फक्त अंगठा वर किंवा खाली. ९७ टक्के याचा अर्थ शंभरपैकी ९७ गुण असा होत नाही. शंभरातल्या ९७ जणांनी "घ्यायला हरकत नाही" म्हटलं, एवढाच होतो.

आता दोन गेम समजा. पहिला सगळ्यांना बरा वाटतो, कुणालाच वेड लावत नाही. त्याला ९८ टक्के. दुसरा सत्तर जणांना आयुष्यातला सर्वोत्तम वाटतो आणि तिसांना सहन होत नाही. त्याला ७०, म्हणजे स्टीमच्या भाषेत "बहुतांशी सकारात्मक", अगदी कडेवर. यांतला श्रेष्ठ कोणता? यादी पहिल्याला वर बसवणार. ही पद्धत एकमत मोजते, उंची मोजत नाही.

बरं, दहापैकी गुण द्यायला लावले तर वेगळीच चलाखी सुरू होते. ज्याला गेम आठाचा वाटतो तो सरासरी ओढायला दहा देतो, ज्याला पाचाचा वाटतो तो शून्य. मधल्या आकड्यांना कुत्रं विचारत नाही. यूट्यूबने एके काळी पाच तारे ठेवले होते, तेव्हा बहुतेक सगळे पाचच द्यायचे. शेवटी त्यांनी अंगठ्यावर आणलं.

आणखी एक. मत देतो कोण? ज्याने विकत घेतला तो. विकत घेतो कोण? ज्याला तो प्रकार आधीच आवडतो तो. शेतीचा गेम शेतीच्या गेमची आवड असणाराच घेतो आणि खूश होतो. फुकट गेममध्ये मात्र वाटेवरचा कुणीही डोकावतो आणि नाक मुरडून जातो. त्यामुळे एखादा छोटा, स्वस्त, चोखंदळांचा गेम आणि कोट्यवधी लोक खेळतात तो फुकटचा गेम यांची टक्केवारी शेजारी ठेवणं मुळातच चूक आहे. दोघांचे मतदार वेगळे.

तर्रीबाज | शनिवार, दुपारी १२:१०

मॅडम बराबर सांगून राह्यल्या. आपल्या सावजीच्या हाटेलाले एका पाहुन्यानं एक स्टार देला, खाली का लिहिलं, "भाजी फार तिखट, तेल फार." अरे बावा, तूच सावजीत गेला न बे! तिखट नसतं तं आमी दोन स्टार कापले असते.

निषाद_कोथरूड | शनिवार, दुपारी १२:२५

पाहुणा पुण्याचा होता असं सुचवायचं आहे का? आमच्याकडे मिसळही तिखट असते हो.

तर्रीबाज | शनिवार, दुपारी १२:२८

आमी नाव घेतलं नाही. तुमालेच लागलं.

अनुस्वार | शनिवार, दुपारी १२:५०

पण हे अगदी असंच झालंय खरं! 'एल्डन रिंग'चा पुरवणी भाग 'शॅडो ऑफ द अर्डट्री' जून २०२४ मध्ये आला. समीक्षकांकडून वारेमाप गुण, आणि स्टीमवर पहिल्या दिवसांत शेरा "संमिश्र". काहींची तक्रार पीसीवर अडखळतो ही होती, ती रास्तच. पण बऱ्याच जणांची तक्रार काय, तर फार अवघड आहे! त्या कंपनीचे गेम लोक अवघड म्हणूनच घेतात न?

निषाद_कोथरूड | शनिवार, दुपारी २:१५

आता थोडं आतलं सांगतो. मी मोबाइल गेम बनवणाऱ्या छोट्या टीममध्ये आहे. (पुण्यातून 'राजी'सारखा गेम २०२० मध्ये जगभर गेला, एवढं कृपया नोंदवून ठेवा. तो आम्ही बनवलेला नाही.)

तुम्हाला जो तारा दिसतो तो पिकवलेला असतो. "आम्हाला रेटिंग द्या" ही चौकट कधी येते पाहिलंय? हरल्यावर कधीच येत नाही. अवघड लेव्हल पार झाली, नाणी पडतायत, फटाके फुटतायत, त्या क्षणी येते. काही जण त्याच्याही पुढे जातात. आधी गोड आवाजात विचारायचं, "गेम आवडला का?" हो म्हटलं की थेट स्टोअरमध्ये नेऊन तारे द्यायला लावायचं. नाही म्हटलं की "तुमची तक्रार इथे लिहा" म्हणून एक साधा फॉर्म, जो बाहेर कुणालाच दिसत नाही. दुकानांच्या नियमात हे बसत नाही, पण चालतं.

आणि विकतचे तारे असतातच. आपल्या धाग्यांवर डु आयडी (एकाच माणसाची दुसरी, खोटी खाती) असतात, तसे तिथे हजारांनी.

रिकामा_पेठकर | शनिवार, दुपारी २:२०

"आपल्या धाग्यांवर डु आयडी असतात" हे वाचून काही जण अस्वस्थ झालेले दिसतायत. (हलके घ्या.)

चिकूची_आई | शनिवार, दुपारी ३:३०

तुमची सूत्रं डोक्यावरून गेली, पण मला वेगळंच म्हणायचं आहे. धागाकर्त्यांनी शेवटच्या ओळीत मुलांचं वय लिहिलंय आणि इतक्या प्रतिसादांत कुणी त्यावर एक शब्द काढला नाही.

चिकू नऊ वर्षांचा आहे. त्याच्यासाठी फोनवर एक गेम घेतला, चार तारे आणि वर काही. दर दोन मिनिटांनी जाहिरात, तीही कसली कसली. तलवार हवी तर पैसे, तलवारीला धार लावायची तर पैसे. ज्यांनी चार तारे दिले ते काही चिकूच्या वयाचे नव्हते आणि त्यांच्या आईने तर नक्कीच दिले नाहीत. तारे चांगले की वाईट सांगतात, कुणासाठी ते सांगत नाहीत. त्यासाठी वयाचा शिक्का वेगळा असतो, अमेरिकेत ईएसआरबी १९९४ पासून, युरोपात पेगी २००३ पासून. यादीत तो रकाना आधी घाला. 'जीटीए' (मारधाडीचा, मोठ्यांसाठीचा गेम) कुठल्याही यादीत वरच असणार, म्हणून हॉलमध्ये लावणार आहात का?

विदर्भ_एक्स्प्रेस | शनिवार, दुपारी ४:०५

ताई, जीटीएवरूनच मीटिंगमध्ये जुंपली होती. रकाना घालतो.

सायबर_काका | शनिवार, रात्री ८:२०

मंडळी, उशिरा आलो. २००३ ते २०११ मी मेडिकल चौकाजवळ सायबर कॅफे चालवला, त्यामुळे या विषयावर बोलायचा हक्क थोडा आहे असं समजतो.

आमच्याकडे तारे नव्हते, अंगठा नव्हता. एक लांब रजिस्टर होतं. नाव, मशीन नंबर, आला किती वाजता, गेला किती वाजता. तासाला वीस रुपये. पोट्टे ट्यूशनचे पैसे वाचवून यायचे, म्हणजे वीस रुपये ही थट्टा नव्हती. कुठला गेम चांगला, हे मला त्या रजिस्टरवरून कळायचं. 'काउंटर-स्ट्राइक १.६'साठी पोट्टे आधी नंबर लावून जायचे, दहाच्या दहा मशीन एकदम पाहिजेत म्हणून. 'व्हाइस सिटी' एकटा येणाऱ्याचा गेम, कोपऱ्यातलं मशीन मागायचा. गाड्यांच्या 'मोस्ट वाँटेड'ची तर अशी स्थिती की बाणाच्या कळांवरची चिन्हं पार पुसून गेली होती, कीबोर्ड बदलला तरी महिन्यात पुन्हा तेच. नवीन गेम मी हौसेने टाकायचो. पोट्टे पंधरा मिनिटं पाहायचे आणि म्हणायचे, "काका, डस्ट टू लावून द्या न." (काउंटर-स्ट्राइकमधला मैदानाचा नकाशा.)

आणि खरी परीक्षा लोडशेडिंगची. लाइट गेली की यूपीएस टीं टीं करायचा, दहा मिनिटं हातात. कोणत्या मशीनवरचा पोट्टा ओरडतो आणि कोणता मुकाट्याने उठून पैसे देतो, त्यावरून गेमची किंमत समजायची.

म्हणून म्हणतो, माणूस काय लिहितो त्यापेक्षा किती वेळ बसतो ते मोजा.

वादपटू | शनिवार, रात्री ८:५०

काका, लिहिलंय झकास, पण पटलं नाही. वेळ मोजायचा तर जुगाराचं मशीन जगातला सर्वोत्तम खेळ ठरेल. आजचे कितीतरी फोनवरचे गेम माणसाला बसवून ठेवण्यासाठीच घडवलेत. रोज हजेरी लावली नाही तर बक्षीस बुडतं म्हणून लोक खेळतात, मजा कधीच संपलेली असते. उलट 'पोर्टल' तीनचार तासांत संपतो. तो काय दुय्यम झाला? स्टीमवर मत देणाऱ्याच्या नावाखाली तो किती तास खेळला ते दिसतं. आठशे तास खेळून "भिकार आहे, घेऊ नका" लिहिणारे महाभाग तुम्ही पाहिले नसतील.

सायबर_काका | शनिवार, रात्री ९:१०

आठशे तास बसला न? माझे सोळा हजार रुपये झाले. लिहू दे त्याला काय लिहायचं ते.

अनुस्वार | शनिवार, रात्री ९:१२

काका :))

रात्रपाळी | रविवार, रात्री १:३०

काकांच्या रजिस्टरवरून आठवलं. जगाच्या यादीत आणि आपल्या यादीत किती फरक असतो, त्याचं उदाहरण म्हणजे 'क्रिकेट ०७'. २००६ च्या अखेरीस आला. सर्वोत्तम गेमच्या परदेशी याद्यांमध्ये मला तो कधी दिसला नाही, आणि दिसेल तरी कसा, त्या याद्या करणाऱ्यांना एलबीडब्ल्यू माहीत नाही. तो काढणाऱ्या ईए कंपनीने त्यानंतर असा क्रिकेटचा गेम काढलाच नाही. आपल्याकडच्या पोरांनी मात्र त्याला मरू दिलं नाही. नवीन जर्सी, नवीन खेळाडू, आयपीएलचे संघ, सगळं हौशी लोक पॅच बनवून घालत राहिले. एवढं प्रेम फार थोड्या गेमांच्या वाट्याला आलं असेल. ते कुठल्या आकड्यात बसवणार?

आणि भाषेचाही भाग आहेच. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये 'सिल्कसाँग' आला. जग खूश, पण चिनी खेळाडूंनी अनुवाद भिकार म्हणून खाली पाडला. गेम एकच, पण त्यांच्या हातात पडला तो खरंच वेगळा होता. स्टीमने आता शेरेही भाषेनुसार वेगळे दाखवायला सुरुवात केलीय.

वादपटू | रविवार, सकाळी ९:४५

समीक्षकांचे आकडे तरी धुतल्या तांदळासारखे आहेत का? 'फॉलआउट: न्यू व्हेगस' (२०१०). बनवणाऱ्या ऑब्सिडियनला बोनस मिळणार होता मेटाक्रिटिकवर ८५ आले तर. आले ८४. बोनस गेला. हे त्यांच्याच एका डिझायनरने २०१२ मध्ये जाहीर सांगितलं. आज तो गेम त्या मालिकेतला सर्वात चांगला मानणारे ढिगाने सापडतील. एका गुणाने पोटावर पाय आला.

मध्यमा | रविवार, सकाळी ११:१५

याच्यावर एक शेवटचं बोलते. समजा सगळे प्रामाणिक आहेत, डु आयडी नाहीत, राग नाही, विकतचे तारे नाहीत. तुमच्या हॉलमधली फक्त तीन मुलं. पहिल्याचा पसंतीक्रम: फुटबॉल, शेती, गाड्या. दुसऱ्याचा: शेती, गाड्या, फुटबॉल. तिसऱ्याचा: गाड्या, फुटबॉल, शेती. आता जोड्या लावा. फुटबॉल की शेती? दोन विरुद्ध एक, फुटबॉल. शेती की गाड्या? दोघांना शेती. म्हणजे फुटबॉल गाड्यांच्या पुढे असायला हवा. पण फुटबॉल की गाड्या विचारलं तर दोघांना गाड्या! गोल गोल फिरत बसा. फ्रान्समध्ये काँदोर्सेने १७८५ मध्ये हे मांडलं. कोणाचंही मत खोटं नाही, आणि तरी "सर्वांच्या मते सर्वोत्तम" असा गेमच नाही.

तेव्हा तुमच्या हिशेबतपासणीवाल्या काकांना सांगा, आकडे खरे आहेत. पण ते अमुक लोकांनी अमुक काळात अमुक किमतीला घेऊन दिलेल्या मतांची बेरीज आहेत. टाकाऊ माल चाळून काढायला उत्तम. ९६ वाला ९४ वाल्यापेक्षा श्रेष्ठ, असं मात्र त्यावरून म्हणता येणार नाही.

विदर्भ_एक्स्प्रेस | रविवार, दुपारी १:००

मॅडम, ते तीन पोट्टे आमच्याच सोसायटीतले आहेत, तुम्हाला कोणी सांगितलं? फुटबॉल, शेती, गाड्या, अगदी हेच.

चाळणी म्हणून तरी रेटिंग चालतं, एवढं मिळालं तरी मला पुष्कळ आहे. लाख माणसांचं मत शून्य किमतीचं, हे अजूनही मानणार नाही. नवीन यादी तयार आहे: ५०० च्या वर मतं, वयाचा शिक्का पाहून, फक्त गेल्या वर्षभरातला शेरा धरून. वर 'एल्डन रिंग' नाही, 'बाल्डर्स गेट ३' नाही (वय). राहिलेल्यांत पंधरा गेम आहेत. यातले पाच कसे निवडू?

रात्रपाळी | रविवार, दुपारी १:२०

एक विचारायचं राहिलं. मशीन कोणती आहेत?

विदर्भ_एक्स्प्रेस | रविवार, दुपारी १:३५

एका मेंबरच्या ऑफिसातून निघालेली. आय ३, आठ जीबी रॅम. ग्राफिक्स कार्ड नाही.

रात्रपाळी | रविवार, दुपारी १:३७

🤦

निषाद_कोथरूड | रविवार, दुपारी १:४०

तीन दिवस आम्ही काँदोर्सेपर्यंत जाऊन आलो आणि ग्राफिक्स कार्डच नाही?

तर्रीबाज | रविवार, दुपारी १:४४

मांजरी चालतीन पाहा त्याच्यावर.

रात्रपाळी | रविवार, दुपारी २:१०

ठीक आहे. या मशीनवर धावतील असे सांगतो, रेटिंगच्या चाळणीतूनही सगळे सहज निघतात. 'पोर्टल २' (२०११ चा आहे, दोघांनी मिळून खेळायचा भाग वेगळा आहे, दोन मशीन आहेत तर तोच लावा, एकमेकांशी बोलल्याशिवाय पुढे जाताच येत नाही). 'स्टारड्यू व्हॅली', शेतीवाल्यासाठी, एकट्या माणसाने बनवलेला. 'टेरारिया'. मोठ्या पोरांना 'एज ऑफ एम्पायर्स २', ग्राफिक्स कमी करून. फुटबॉल आणि गाड्या या मशीनवर आजच्या मिळणार नाहीत, स्वस्तातलं काही जुनं पाहा. घ्यायच्या आधी सेटिंग तपासा, नाही जमला तर दोन आठवड्यांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर स्टीम पैसे परत देतं.

सायबर_काका | रविवार, दुपारी २:३०

मशीन उघडून पंखा साफ करून घ्या आधी. धूळ खात पडलेत म्हणता, मे महिन्यात दहा मिनिटांत बंद पडतील. मी येतो पाहिजे तर, ब्लोअर आहे माझ्याकडे.

विदर्भ_एक्स्प्रेस | रविवार, दुपारी २:४५

काका, या न! संध्याकाळी सहानंतर कधीही. 'पोर्टल २' घेतला, सोसायटीच्या वायफायवर डाउनलोडला लावलाय. सेक्रेटरींचा फोन येऊन गेला, नेट कोण खातंय म्हणून.

चिकूची_आई | रविवार, दुपारी ३:१०

आम्ही शेजारच्याच गल्लीत राहतो. बाहेरच्या मुलांना चालेल का? आणि हॉलमध्ये कूलर आहे न? नसेल तर दुपारी चिकूला पाठवणार नाही.

विदर्भ_एक्स्प्रेस | रविवार, दुपारी ३:२०

चालेल की, पाठवा. कूलर आहे, वाळाही नवीन लावलाय. पाणी मात्र खेळणाऱ्यांनी भरायचं, दोन दोन बादल्या.

तर्रीबाज | रविवार, दुपारी ३:२२

झालं. आता पोट्टे हालले एक स्टार देतीन.